पिस्टनवरचं नाव

माझा माणसांवर विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. धंदाच तसा आहे. मोटारसायकलच्या मागे पत्र्याची पेटी बांधून मी धसईपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत वीस वर्षं खारी, टोस्ट आणि बटर दुकानांत टाकतो. दहातले नऊ दुकानदार म्हणतात, "वाल्मिकदादा, मागच्या पुड्यातले टोस्ट तुटके निघाले." त्या नवांतल्या आठांनी ते टोस्ट चहात बुडवून खाल्लेले असतात. अशा लोकांत वीस वर्षं काढली की माणूस आपल्या सावलीलासुद्धा विचारतो, तू माझ्या मागे का येतेस?

तर त्या दिवाळीनंतर माझ्या गाडीचं इंजिन गेलं. निळा धूर सोडायची, ऑइल प्यायची, आणि वैशाखऱ्याच्या चढावर तर म्हशीसारखी उभीच राहायची. काम मोठं होतं. मुरबाडला गाडी टाकली तर आठ-दहा दिवस धंदा बंद. म्हणून सगळे म्हणाले, भगीरथकडे टाक.

भगीरथचं गॅरेज वैशाखऱ्याच्या पुढे, रस्त्याला लागून. चार खांब आणि वर पत्रा. दार नव्हतं, म्हणून कुलूपही नव्हतं. तो वरच्या आदिवासी वाडीतला, वय असेल तिशीच्या आसपास. वाडीतली बाकीची पोरं मोलमजुरीला नाहीतर कंपनीत जातात. हा कल्याणला सहा वर्षं एका गॅरेजात हात काळे करून परत आला आणि रस्त्यावर स्वतःचं काम सुरू केलं. त्याच्या वाडीतला असं करणारा तो पहिलाच. बोलायचा कमी. विचारलं तेवढंच, आणि तेही पान्याकडे बघून.

वाडीतल्या माणसाच्या हाती वस्तू दिली तर मोजून घ्यावी, असं आमच्याकडे म्हणतात. का म्हणतात ते कोणी सांगत नाही. मीही कधी विचारलं नाही, नुसतं म्हणत आलो.

गाडी त्याच्याकडे नेण्याआधी मी घरी बसून तिच्यावरचं निघेल तेवढं काढून घेतलं. दोन्ही आरसे काढले. डब्यातले पाने काढले. पुढचा लेगगार्डसुद्धा काढला, तोही इंजिनच्या पुढच्या बोल्टावरून. त्या बोल्टात दोन जाड वॉशर होते, ते शर्टाच्या खिशात टाकले. बायको, माधुरी, ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "सीट पन काढा. तो त्यावर बसंल."

एवढ्याने माझं समाधान झालं नाही. नवा पिस्टन मी स्वतः मुरबाडहून आणला होता, चांगल्या कंपनीचा. तो काढून हलका बसवला तर मला काय कळणार? इंजिन एकदा बंद झालं की आत देव आहे की दगड, कोण बघतो? मग मला युक्ती सुचली. धसईच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाशेजारी एक जण विजेच्या पेनाने भांड्यांवर नावं घालतो. लग्नातली भांडी, देवळातल्या समया, सगळं त्याच्याकडून जातं. कळशीवर नाव असलं की ती कुणाच्याही घरी गेली तरी परत येते. मी त्याच्यापुढे पिस्टन ठेवला. म्हटलं, यावर घाल, वाल्मिक. त्याने पिस्टन उलटासुलटा केला आणि विचारलं, "भेट द्यायचाय का कुनाला?" मी म्हटलं, तू नाव घाल. त्याने बाहेरच्या बाजूला ठसठशीत घातलं. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

भगीरथने इंजिन उघडलं तेव्हा मी अर्धा दिवस तिथे बसून होतो. त्याची एक रीत होती. निघालेला एकेक भाग तो आईच्या तांदूळ पाखडायच्या सुपात मांडायचा, निघाला त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे. बांधताना उजवीकडून सुरू करायचा. सूप भरलं की त्यावर ओला फडका, धूळ बसू नये म्हणून. मला तो फडका आवडला नाही. झाकायचं कशाला?

नवा पिस्टन त्याच्या हातात दिला तेव्हा त्याने नाव वाचलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने अंगठा त्या अक्षरांवरून एकदा फिरवला आणि पिस्टन सुपात ठेवला. मला वाटलं, चोराला कळलं, आता हा काही करणार नाही. मी निश्चिंत होऊन घरी गेलो.

चार दिवसांनी गाडी आणायला गेलो. त्याने ती उभ्या स्टँडवर चालू केली, कार्ब्युरेटरचा स्क्रू केसाएवढा इकडेतिकडे केला, कान देऊन ऐकलं. मग इंजिनचे सगळे बोल्ट थोडे थोडे ढिले केले आणि इंजिन तसंच चालू ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"त्याला आपली जागा बघू द्यायची," तो म्हणाला. "जबरीनं आवळलं का मंग ते थरथर अंगात धरतं."

थोड्या वेळाने त्याने बोल्ट एकाआड एक आवळले. मग पाण्याने भरलेली स्टीलची वाटी टाकीवर ठेवली. पाणी नुसतं थरथरलं, वाटीच्या कडेला बारीक वलयं उमटत होती. "नव्या इंजिनला एवढं चालतं," तो म्हणाला. "पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेऊ नका. मंग या. आनि गार्ड कुठं हाय तुमचा? घेऊन या, मी बसवतो."

"घरी आहे. मी बसवीन," मी म्हणालो. मनात म्हटलं, गार्ड आणून देतो म्हणजे तोही तुझ्या सुपात. वाटीचा खेळ मला जादूगाराचा वाटला होता.

त्याच संध्याकाळी गार्ड चढवला आणि बोल्ट दोन्ही पाय रोवून, जोर लावून आवळला. दुसऱ्या दिवशी पेटी बांधून निघालो. तिसाच्या पुढे काटा गेला आणि गाडी अंगात आल्यासारखी थरथरायला लागली. मुठी झिणझिणल्या, पायाखालचा रबर निसटला. पहिल्याच दुकानात पेटी उघडली तर खारीचा भुगा. टोस्टांचे असे तुकडे की जणू कोणी कांडून ठेवले होते. आता दुकानदार खरं बोलत होते, आणि तेच मला सहन होईना.

भगीरथने या म्हटलं होतं, पण मी गेलो नाही. ज्याने फसवलं त्याच्याकडेच तपासायला जायचं? गाडी घेतली आणि थेट मुरबाडला सुयोगच्या गॅरेजात नेली. म्हटलं, उघड आणि पिस्टन दाखव. सुयोग म्हणाला, एवढ्यात कशाला उघडता? मी म्हटलं, उघड. त्याने उघडलं. पिस्टन पुसून माझ्या हातावर ठेवला. बाहेरच्या बाजूला नाव नव्हतं. तिथे नुसता एक घासल्यासारखा मंद पट्टा होता.

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. राग आलाच, पण त्याच्याखाली एक आनंद होता. माझं बरोबर निघालं, हा आनंद. आठ दिवस धंदा बुडाला, पण सुयोगला सांगून दुसरा पिस्टन बसवला, गार्ड जसाच्या तसा चढवला आणि तो जुना पिस्टन पेटीत टाकून धसईला आलो. बाजाराचा दिवस होता. गोजरच्या हॉटेलात पंधरा-वीस माणसं असतील. मी पिस्टन टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. नाव घातलं होतं, नाव नाही, माल बदलला. योगायोग असा, की भगीरथ त्याच बाजारात मिरच्या घेत होता. कोणीतरी त्याला बोलावून आणलं.

"पिस्टन तुमचाच हाय, दादा," तो म्हणाला. "नाव मी घासलं."

"का घासलंस?"

"कोरलं का कड वर येते. आत बोअरला, म्हंजे सिलिंडरच्या भिंतीला, ओरखडे पाडील. म्हनून बारीक पेपरनं घासलं."

"चोराच्या उलट्या बोंबा," गोजर म्हणाला आणि सगळे हसले. गोजरचा चहा पातळ, पण जीभ घट्ट. भगीरथ हसला नाही. त्याने पिस्टनकडे बोट केलं. "नीट बघा," एवढंच म्हणाला आणि मिरच्यांची पिशवी घेऊन निघून गेला. आम्ही बघितला. बाहेरून सगळ्या बाजूंनी बघितला. आतून तो ऑइलने काळाकुट्ट होता.

पंधरा दिवसांत भगीरथचं गॅरेज ओस पडलं. मी रोज तिथूनच जायचो. आधी चार-पाच गाड्या उभ्या असायच्या, आता तो एकटा बाकड्यावर बसलेला. कुणी म्हणालं, मुरबाडच्या कंपनीत हेल्परची जागा बघतोय. पत्रा विकायला काढलाय म्हणे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त एक गोष्ट टोचत होती. सुयोगने नवा पिस्टन टाकूनही गाडी तशीच थरथरत होती आणि खारीचा भुगा तसाच होत होता. मी सुयोगवरही संशय घेऊन बघितला. जमेना.

जुना पिस्टन घरी पडून होता. माधुरीने तो देवापुढे उदबत्त्या लावायला घेतला, उलटा ठेवला की वाटीसारखा होतो म्हणून. शिमग्याच्या आधी घर सारवताना तिने देवघरातलं सगळं घासायला काढलं, त्यात तोही. चिंच आणि राख लावून आतूनही घासला. मग मला हाक मारली.

"अहो, यात तुमचं नाव हाय."

आतल्या बाजूला, वरच्या पाठीवर, जिथे काही घासत नाही की लागत नाही अशा जागी, बारीक टोच्याने हाताने कोरलेलं होतं: वाल्मिक. अक्षरं वाकडी होती, पण पूर्ण होती. विजेच्या पेनाची नव्हती. बाहेरचं नाव घासल्यावर या माणसाने बसून माझं नाव आत घातलं होतं. मला माझी वस्तू माझी म्हणून ओळखता यावी, म्हणून. मी त्याला चोर ठरवणार हे त्याला अंगठा फिरवतानाच कळलं असणार.

मी ओट्यावर बसलो. लाज वाटली, अगदी साधी, तोंड लपवावंसं वाटणारी लाज. भगीरथच्या जागी गोजर असता, सुयोग असता, तर मी नाव घातलं असतं का? नसतं घातलं. सुयोगकडे टाकलेल्या पिस्टनवर घातलं नव्हतंच.

माधुरी म्हणाली, "आनि हे बी बघा. तुमच्या शर्टात धुताना गावले होते." देवघराच्या डबीत दोन जाड वॉशर होते.

दुसऱ्या दिवशी गाडी, पिस्टन आणि वॉशर घेऊन भगीरथकडे गेलो. माफी कशी मागतात ते मला येत नाही, कारण कधी मागितलेली नाही. मी नुसता पिस्टन आतली बाजू वर करून त्याच्यापुढे धरला. त्याने बघितलं. "घासला वाटतं वहिनींनी," म्हणाला.

मग त्याने गाडी चालू केली आणि टाकीवर वाटी ठेवली. पाणी उड्या मारायला लागलं, अर्धं टाकीवर सांडलं. तो खाली वाकला, गार्डाच्या बोल्टावर बोट ठेवलं आणि माझ्या हातातल्या वॉशरांकडे बघितलं. वॉशर नसल्यामुळे मी आवळला तसा बोल्टाने इंजिन एका बाजूला ओढून धरलं होतं. तो गार्ड मी चोरीच्या भीतीने काढला होता आणि मीच चुकीचा बसवला होता. त्याने सगळे बोल्ट ढिले केले, इंजिनला जागा बघू दिली, वॉशर घालून आवळले. पुन्हा वाटी ठेवली. पाण्यावर फक्त बारीक वलयं उमटली.

मी म्हणालो, "बाजारात सांगतो सगळ्यांना."

सांगितलंही. पुढच्या बाजारी गोजरच्या हॉटेलात पिस्टन ठेवला आणि आतलं नाव दाखवलं. गोजरने तो उजेडात धरला, डोळे बारीक केले आणि खाली ठेवला.

"नंतर कोरलं असल," तो म्हणाला. "तुला काय मिळालं रे यात?"

लोक हसले. मी ओरडून सांगितलं, शपथा घातल्या. जितकं सांगत होतो तितकं खोटं वाटत होतं. बोलणं गोजरचं होतं, पण सूर माझा होता. वीस वर्षं मी याच सुरात बोलत आलो होतो.

तोंडाने जमेना, तेव्हा ठरवलं की दिसू द्यावं. वॉशर घालून आवळल्यापासून पाचशे किलोमीटर झाले तशी गाडी घेऊन भगीरथकडे गेलो, बाजाराच्याच दिवशी, सगळी वाहनं त्या रस्त्याने जात असताना. एक आरसा काढला नाही. पाने डब्यात, गार्ड जागेवर, मालाने भरलेली पेटी मागे बांधलेली. किल्ली त्याच्या बाकड्यावर ठेवली आणि म्हटलं, "मी एसटीने जातो. उद्या येईन."

गॅरेजात दोन गाड्या होत्या. दोन्हींचे मालक स्टुलावर बसून त्याच्या हातांकडे बघत होते. सूप त्यांच्या पायांशी उघडं ठेवलेलं होतं, वर फडका नव्हता, आणि रस्त्याची धूळ आतल्या भागांवर बसत होती.

भगीरथने खिशातून वही काढली. माझ्या गाडीभोवती फिरून एकेक लिहिलं, आणि वही माझ्यापुढे धरली. आरसे दोन. पाने चार. लेगगार्ड एक. पेटी एक, मालासकट. जाड वॉशर दोन.

"सही करा," तो म्हणाला.

"माझी कशाला रे, भगीरथ? मी तर ठेवून चाललोय."

"सगल्यांची घेतो आता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुमच्यापासनं."

स्टुलावरचे दोघे बघत होते. पेन नीट चालत नव्हतं, म्हणून मला नाव दोनदा गिरवावं लागलं.