‘वॉन्ट’चे पाच अर्थ आणि आठ खांब

धुळ्याला कचेरीसमोरच्या निंबाखाली मी इंग्रजी अर्ज लिहीत असे. पद्धत वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली होती: गाऱ्हाणं ऐकणं, कच्चा मजकूर, पक्की प्रत, ती अर्जदाराला त्याच्या बोलीत वाचून दाखवणं आणि मगच अंगठा. वहीच्या दुसऱ्या टोकाला इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ, आकडे घालून.

पौषातली गोष्ट. शिरपूरपलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून एक शेतकरी दोन दिवस चालत आला होता. घर जळालं होतं. बायको आणि दोन पोरं शेजाऱ्याच्या गोठ्यात निजत होती. छपराला बांबू आणि सागाचे आठ खांब, एवढं जंगलातून आणायची परवानगी त्याला हवी होती.

मी कच्च्या मजकुरात ‘वॉन्ट’ लिहिलं. शेजारी बसणारे नाना, पेन्शनीत निघालेले मास्तर, मान वाकवून म्हणाले, “एकच अर्थ येतो वाटतं? पाहिजे, म्हणून मोकळे?”

“चार येतात. हवं असणं, गरज, उणीव, दारिद्र्य.”

“आणि पाचवा? आमचे हेडमास्तर दहाला पाच मिनिटं कमी असली की हाच शब्द वापरायचे. आता असं कोण बोलतंय म्हणा!”

मी वही काढली, नानांचा जुना वापर पाचव्या आकड्याखाली नोंदवला आणि तो आता चुकीचाच धरतात हे सिद्ध करायला अर्धा तास घालवला. तो माणूस उकिडवा बसून आमची तोंडं बघत होता. मग उशीर झाला म्हणून मी घाईने पक्की प्रत केली आणि शाईची डबी पुढे सरकवली.

“वाचत नई का भाऊ?”

“सगळं बरोबर आहे. लाव अंगठा.”

वीसएक दिवसांनी तो पुन्हा निंबाखाली उभा.

“भाऊ, बांबूनी परवानगी भेटनी, पन खांब कागदमाच नई म्हने साहेब. मंग बांबू काय हवामा बांधू?”

मी कच्चा मजकूर काढला. त्यात खांब होते. बांबूंचं वाक्य सजवताना पुढची ओळ उतरवायचीच राहिली होती. नानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मला ते पण करता येईना.

दुसरा अर्ज तिथल्या तिथे लिहिला. परवाना हातात पडेपर्यंत फाल्गुन उजाडला, असं नंतर कळलं. म्हणजे सगळी थंडी त्याच्या पोरांनी गोठ्यातच काढली. तो दुसरा अर्ज लिहून होताच मात्र मी पुन्हा न वाचताच डबी पुढे केली. त्याने अंगठा शाईत बुडवला आणि तसाच वर धरून ठेवला.

“आधी वाचा.”

मी वाचलं.

“खांब कितला म्हनात?”

“आठ.”

“आखो एकदाव वाचा.”

मी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. त्याच्या अंगठ्यावरची शाई वाळून गेली होती. मी मान खाली घालून डबी परत त्याच्यापुढे धरली.