रिकाम्या हातांची भाऊबीज

रामटेकच्या गडावर मी दर्शनाला नव्हे, भांडायला गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की मी पहिल्यापासून टाळ कुटणारा होतो. भक्त होती ती माझी माय. ती गेल्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या. त्या साली आमच्या नागपूरच्या विणकर मोहल्ल्यात निम्मे हातमाग बंद पडले. व्यापाऱ्यांनी सूत गोदामात दाबून ठेवलं, भाव चढवले, आणि आम्ही रिकाम्या मागासमोर माशा मारत बसलो. माझा माग त्यातलाच एक. मी पत्रकं लिहायचो, मोर्चात ओरडायचो, आणि घरी आल्यावर बोलायला कुणी नव्हतं. मायेच्या माघारी त्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटायचा.

आमच्या घरची एक रीत होती. दर भाऊबीजेला ताईच्या ताटात घरच्या मागावर विणलेलं लुगडंच पडायचं. बाप विणायचा, त्याच्यामागून मी विणू लागलो. बाजारातून आणलेलं कापड बहिणीला घालणं म्हणजे विणकराच्या जातीला बट्टा, असं माय मानायची. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, कोराडीला दिलेली. भाऊजी वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसायच्या कामावर. दिवाळीच्या आठ दिवस आधी तिचं पोस्टकार्ड आलं. दोनच ओळी होत्या. ‘भाऊबीजेला ये. वाट पाहते.’

मी काय करावं? नाही म्हणायची लाज, आणि जायचीही लाज. मग माझ्या अंगातला पुढारी उठला. मी रात्रीतून एक पत्रक लिहिलं: सणावारी गरिबाला नागवणारी ही देण्याघेण्याची प्रथा मोडून काढा, ओवाळणी बंद करा, बहिणीच्या मायेला किंमत लावू नका! छापखान्यातल्या मित्रानं उरल्यासुरल्या कागदावर छापून दिलं. त्यातला शब्दन् शब्द मला खरा वाटत होता, आजही बराचसा वाटतो. पण शेजारच्या म्हाताऱ्या विणकरानं ते डोळ्यांशी धरून वाचलं आणि हसून विचारलं, “काहून गा, देयाले नाही म्हणून देणंच वाईट झालं काय?” मी त्याला भांडवलदारांचा हस्तक म्हणालो. बिचाऱ्याच्या पायात चप्पल नव्हती. आणि त्याच तावात मी ताईच्या पोस्टकार्डाला उत्तर धाडलं. म्हणजे काय केलं, तर ते छापील पत्रक घडी घालून पाकिटात घातलं आणि पत्ता लिहिला. सोबत एक ओळ नाही.

भाऊबीजेच्या दिवशी घरात थांबवेना. मोहल्ल्यात घराघरातून बहिणी आलेल्या, ताटं वाजत होती. उरलेली पत्रकं पिशवीत भरून मी रामटेकची बस धरली. गडाच्या पायऱ्यांवर वाटली. लोकांनी घेतली बरं का. एकानं त्यात चिवडा बांधला, एका बाईनं लेकराचं नाक पुसलं. देवळात गेलो, पण हात जोडले नाहीत. मूर्तीकडे पाहून मनातल्या मनात म्हणालो, “माझ्या मायनं जन्मभर तुझ्या पायऱ्या झिजवल्या. तिच्या लेकीसाठी एका लुगड्याचं सूत तुला जमलं नाही?” राम काही बोलला नाही. मी बाहेर येऊन कठड्यावर बसलो. समोरून कुटुंबंच्या कुटुंबं जात होती, आणि दिसेल त्या पुरुषाच्या कपाळावर कुंकवाचा टिळा होता, त्यावर तांदळाचे दाणे चिकटलेले. साठीच्या म्हाताऱ्यांच्याही कपाळावर. माझंच कपाळ कोरडं. इतकं एकटं मला मायेच्या चितेपाशीही वाटलं नव्हतं.

दिवस मावळायला आला. माणसं उतरून गेली. कठड्याच्या पलीकडच्या टोकाला एक म्हातारी उभी होती, हातात पितळी ताट, पदरानं झाकलेलं. ती पश्चिमेकडे टक लावून पाहत होती आणि तिकडे ढगांची काळी पट्टी आली होती. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडे वळली. आधी कपाळाकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“बहीण नाही काय गा तुले?”

“आहे.”

“मंग इथं काय करून राहिला?”

ती आपणहूनच सांगू लागली. पानमळ्यात मजुरी करत होती. पाठचा-पुढचा भाऊ नाही. ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, ही आपल्याकडची रीत. बीजेचा चंद्र नखाएवढा, आणि लगेच बुडतो. खाली झाडांमागं दिसत नाही, म्हणून ती दरसाल गड चढून येत होती. “आज काही निंघत नाही तो,” ती म्हणाली. “तू बस. तुलेच ओवाळतो.”

मी उठूनच उभा राहिलो. म्हटलं, “बाई, माझ्याजवळ ताटात टाकायला काही नाही. परतीच्या तिकिटापुरतं आहे फक्त.”

ती खळखळून हसली. तोंडात चारच दात. “लगन झालं तवापासून चांदाले ओवाळून राहिली मी. त्यानं कधी काही टाकलं काय गा ताटात? अन् नाही टाकलं म्हणून मी काय गड चढाची राहिली?”

सभेत कुणाचंही तोंड बंद करणारा मी, मुकाट्यानं पायरीवर बसलो. वारा होता, तिनं लावलेला दिवा विझू लागला, तेव्हा तिनं माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं काढायला लावली आणि मी ती दोन्ही हातांनी ज्योतीभोवती धरली. ओवाळणी बंद करा, असं मोठ्या ठशात छापलेल्या कागदांच्या आडोशानं मला ओवाळलं गेलं. तिला वाचता येत नव्हतं. मी सांगितलं नाही. तिनं टिळा लावला, तांदूळ लावले, गुळाचा खडा तोंडात घातला आणि म्हणाली, “आता जाय. तुही बहीण वाट पाहत असंन.” मी त्या मजूर बाईच्या पायांवर डोकं ठेवलं. मग देवळाच्या दाराशी जाऊन हातही जोडले. मागितलं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोराडीला पोचलो. ताई अंगणातल्या तुळशीवरची राख ओल्या फडक्यानं पुसत होती. तिनं मान वर केली, माझं कपाळ पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “कोणं ओवाळलं गा तुले?” मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, “काल शेजारीण म्हणे, भाऊ नाही येत तं चांदाले ओवाळ. मी म्हटलं, काहून? भाऊ जिता आहे माहा.” ताट तसंच फळीवर होतं, झाकलेलं. तिनं कालपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

मग घरात जाऊन तिनं पाट मांडला, आणि माझ्याकडे पाठ करून वात लावता लावता म्हणाली, “तुह्या पाकिटात चिठ्ठी असंन म्हणून तो कागद दोन्हीकडून वाचला बाबू. दोनदा वाचला. त्यात माहं नाव कुठंच नव्हतं.”

सुताच्या व्यापाऱ्यांविरुद्ध मी अजून लिहितो, आणि लिहीतच राहीन. त्यात रामाचीही काही हरकत असेल असं मला वाटत नाही. ढग त्यानं आणले का, हे मला ठाऊक नाही. त्या दिवसांत ढग येतातही. पण माझ्या घराण्यात देता येणं हीच पत होती, आणि ती गेली तर मी बहिणीला तोंडही दाखवणार नाही, असा माझा गर्व होता. त्याला मी तत्त्व म्हणत होतो. तो गर्व त्यानं एका अनोळखी बाईच्या हातून काढून घेतला, आणि वर गुळाचा खडा दिला. तेवढ्यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

ताई ओवाळू लागली तेव्हा हात कुठे ठेवावेत मला कळेना. शेवटी गुडघ्यांवर तसेच उघडे ठेवले आणि मान खाली घातली.