मांजरीच्या कानामागचे गोचीड

आमची मांजरी जेमतेम सहा महिन्यांची होती, पण दुपारभर कुठे असायची, देव जाणे. संध्याकाळी परतली की मांडीवर घेऊन मी तिची झडती घ्यायचे. कानामागे हटकून गोचीड सापडायचे. आमच्याकडे ना गाय ना म्हैस, मग हे आले कुठून? बदलापुरात तेव्हा गोठे काय कमी होते! कुणीतरी तिला दूध पाजून फितवत होतं, याची मला खात्री होती.

शेजारीण म्हणायची, "घासलेट लाव, नाहीतर उदबत्तीचा चटका दे." लेकराला कुणी चटके देतं का? मी पायातले काटे काढायचा चिमटा घ्यायचे, गोचीड अगदी कातडीलगत धरायचे आणि न पिळता, हळूहळू सरळ ओढायचे, म्हणजे त्याचं तोंड आत राहत नाही. ओढताना विचारायचे, "कुणाकडे जातेस गं भवाने?" आमचे हे हसायचे.

एके दिवशी कानामागे एकही गोचीड नव्हता. नुकतेच काढल्याचे लाल ठिपके तेवढे होते, आणि त्यांवर कुणीतरी खोबरेल तेल लावलं होतं.

त्या संध्याकाळी मी तिला दूध घातलं नाही. पिऊनच आली असणार.