सांडशीची खंडेनवमी

आमच्या घरात वर्षातून एक दिवस स्क्रू ड्रायव्हरला नैवेद्य दाखवतात, आणि त्या दिवशी घरातला एकही स्क्रू पिळता येत नाही.

बाबा वायरमन होते. आम्ही राहायला डहाणूत, सरावलीच्या बाजूला. पण झाईपासून वाढवणपर्यंत कुठल्याही चिकूच्या वाडीत पंप रुसला की तिथे बाबांची स्कूटर उभी असायची. खिशात टेस्टर, पायात जाड रबरी चपला आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी आणि वायर सोलायचं स्ट्रिपर. या पाच-सहा वस्तूंवर त्यांचा जेवढा जीव होता, तेवढा आमच्यावर होता की नाही, याबद्दल आईला कायम शंका होती. 'आम्ही' म्हणजे आई आणि मी, वैशाली. त्या पिशवीला हात लावायला दोघींनाही बंदी!

बंदीला कारण होतं. एकदा आईने बाबांच्या पकडीने चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, नांग्या फोडल्या. (चिंबोऱ्या भरलेल्या होत्या, बत्त्याने फोडल्या तर चुरा होतो, असं तिचं म्हणणं.) दुसऱ्या दिवशी बाबा ती पक्कड घेऊन एका कडक शाकाहारी घरी पंखा बसवायला गेले. पंधरा मिनिटांत त्या घरात मेलेला उंदीर शोधायला सुरुवात झाली. कपाटं हलली, पलंग हलला. बाबांनीही शिडीवरून उतरून शोधायला मदत केली. घरी येऊन पिशवी उघडल्यावर त्यांना उंदीर सापडला! त्यानंतर तीन दिवस ते आईशी फक्त माझ्यामार्फत बोलत होते.

माझं मात्र त्या पकडीवर लहानपणापासून मन होतं. निळी मूठ, आणि बाबांच्या अंगठ्याने त्या मुठीवर पाडलेला खळगा. आयटीआयला मी हट्टाने इलेक्ट्रिशियन ट्रेडच घेतला. वर्गात हत्यारांची यादी मला घडाघडा पाठ होती. पास होऊन घरी आले आणि म्हटलं, "बाबा, आता तरी पक्कड द्या."

"देतो की. एका प्रश्नाचं उत्तर दे. घरातली लाईट गेली. पहिलं काय करशील?"

"मेन स्विच बंद करेन."

"चूक."

"फ्यूज बघेन."

"चूक."

"टेस्टर लावेन!"

"तेही चूक. ज्या दिवशी उत्तर देशील, त्या दिवशी पक्कड तुझी. बघू, दसऱ्यापर्यंत सुचतंय का."

मी पुस्तकं चाळली, सरांना फोन केला. सर म्हणाले, "मेन स्विच बंद." मी म्हटलं, "ते चूक आहे." सर दुखावले. दसरा जवळ येत चालला आणि मी रोज नवं चुकीचं उत्तर देत होते.

तर अशी खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी बाबा सगळी हत्यारं रॉकेलच्या फडक्याने पुसायचे, पाटावर मांडायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि वर झेंडूची फुलं. एकदा हत्यारं पाटावर बसली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी उचलायची नाहीत. "वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस आराम करू दे," हे बाबांचं वाक्य ठरलेलं. ते ऐकलं की आई स्वयंपाकघरातून भांडं आपटायची, हेही ठरलेलं. आरतीला तलासरीहून मोठी आत्या यायची. बाबा नऊ वाजता स्कूटरवरून तिला आणायला गेले, आणि आईने पुरण वाटायला मिक्सर लावला.

मिक्सर एकदा घरघरला आणि बसला. पंखाही थांबला.

"वैशू, गेली गं लाईट!"

खरं सांगते, मला आनंद झाला. घरात लाईट नाही, बाबा तलासरीला, आणि मी आयटीआय पास! ते यायच्या आत फॉल्ट काढून ठेवला, तर प्रश्नबिश्न सगळं मागे पडेल आणि पक्कड आपसूक माझ्या हातात येईल. मी मेन स्विच बंद केला (तेवढं शिकले होते) आणि बोर्डासमोर उभी राहिले. बोर्ड चार स्क्रूंनी बंद. स्क्रू ड्रायव्हर पाटावर, झेंडूखाली.

"सुरीचं टोक लाव," आई म्हणाली.

सुरीचं टोक वाकलं. मग कलथा लावला, तो सटकून कॅलेंडरमधून आरपार गेला. चमच्याच्या दांडीने एक स्क्रू हलला आणि तिथेच रुसून बसला. आईने तो सांडशीत धरून पिळायचा प्रयत्न केला. तेवढ्यात शेजारच्या कोकिळाबेन त्यांच्या ओट्यावर बसून पुठ्ठ्याने वारा घेताना दिसल्या. आमची खटपट त्यांना खिडकीतून दिसत होती.

"वैशाली, शुं थयुं? काय झालं?"

"आमच्या घरात फॉल्ट आहे, काकी! मी काढतेय!"

"सारू, सारू," म्हणून त्या जास्तच जोरात वारा घेऊ लागल्या.

शेवटी आई घाम पुसत म्हणाली, "उचल ती हत्यारं."

"आई! पुजलेली आहेत!"

"माझं पुरण पण नैवेद्याचंच आहे. आणि जागा रिकामी कशाला ठेवायची? थांब."

माझ्या आईचं डोकं अशा वेळी भयंकर चालतं. तिने पक्कड उचलली आणि तिथे सांडशी ठेवली. स्क्रू ड्रायव्हरच्या जागी कलथा. टेस्टरच्या जागी चमचा. स्ट्रिपर उचललं, तिथे बटाटे सोलायचं सोलाणं. हातोडीच्या जागी खलबत्त्यातला बत्ता! वर झेंडूची सगळी टोपली ओतली. लांबून बघितलं असतं, तर खुद्द बाबांनीही हात जोडले असते. (पुढे जोडलेच.)

पाच मिनिटांत बोर्ड उघडला. बाबांची पक्कड पहिल्यांदा माझ्या हातात होती आणि अंगठा बरोबर त्या खळग्यात बसला होता. मला उगाचच भरून आलं. मग मी मेन लावून टेस्टर टेकवला. पेटला नाही. दुसऱ्या तारेला लावला, पेटला नाही. तिसऱ्या, चौथ्या, कुठेच नाही! आता कुणाही शहाण्या माणसाने यावरून काय ओळखलं असतं? मी ओळखलं की हळद-कुंकू आत जाऊन टेस्टर बिघडला.

टेस्टरच बिघडलेला म्हटल्यावर मेन पुन्हा बंद करून एकेक जोड तपासणं आलं. मी सगळ्या तारा सोडवल्या. दुसऱ्यांच्या घरी रंग बघून तार टाकणाऱ्या माझ्या बाबांनी स्वतःच्या घराचं वायरिंग उरलेल्या तुकड्यांवर केलं होतं, आणि ते तुकडे सगळे लाल! बोर्डातून अकरा लाल तारा बाहेर लोंबत होत्या. कुठली पंख्याची, कुठली बेलची, कुठली मिक्सरची, काही कळेना. आईने पुरणयंत्र काढलं होतं आणि त्याचा दांडा फिरवत ती मधून मधून विचारत होती, "झालं का गं?"

"होतंच आलंय!" मी म्हणत होते, आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाबांच्या स्कूटरचा आवाज आला. एक तास आधी!

त्यानंतरच्या दोन मिनिटांत मी जे काम केलं, तसं कुठल्याच आयटीआयत शिकवत नाहीत. जी तार हाताला लागली ती जे भोक दिसलं त्यात. चारपैकी तीन स्क्रू लावले, चौथा सापडलाच नाही. मेन वर केला. हत्यारं परत पाटावर ठेवायला निघाले तर बाबा दारात! आईने ती माझ्या हातून ओढली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली.

"लाईट गेलीय ना? येईल," चपला काढत बाबा म्हणाले.

घरात पाऊल टाकायच्या आधीच त्यांना कसं कळलं, याचं मला फार कौतुक वाटलं. अनुभव म्हणतात तो हाच, असंही मनात आलं.

आत्याने पदर सावरला. बाबांनी निरांजन लावलं आणि आरती सुरू झाली. बाबा डोळे मिटून, अगदी मनापासून, सांडशीला ओवाळत होते. आत्याने कलथ्याला वाकून नमस्कार केला. "मधू, यंदा फुलं फार हो!" असंही बाबांना म्हणाली. आई माझ्याकडे बघत नव्हती आणि मी आईकडे. बाबांनी अक्षता टाकल्या, त्यातल्या दोन बत्त्यावर टणकन वाजल्या. मी जोरात टाळ्या वाजवायला लागले.

आणि नेमकी तेव्हा लाईट आली.

पंखा लागायला हवा होता, त्याचं बटण सकाळपासून चालूच होतं. पंखा ढिम्म. त्याऐवजी दाराची बेल वाजायला लागली. आमची बेल चिमणीच्या आवाजाची. चिवचिव चिवचिव, थांबायचं नावच नाही! आत्या दारात जाऊन आली.

"कुणीच नाही रे बाहेर!"

"चिमण्या असतील," आई म्हणाली.

बाबांनी निरांजन खाली ठेवलं. बोर्डाकडे बघितलं. एक स्क्रू नव्हता. त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, चिमण्या गप्प झाल्या. मग ते शांतपणे दाराबाहेर गेले आणि बेलचं बटण दाबलं. आत पंख्याने दोन वेढे घेतले. त्या वाऱ्याने पाटावरची वरची फुलं घरंगळली, आणि सांडशीचं तोंड बाहेर आलं.

बाबा परत आले. वाकले. झेंडू बाजूला करून एकेक वस्तू बघत राहिले. सांडशी, कलथा, चमचा, सोलाणं, बत्ता. मला वाटलं, संपलं. पक्कड गेली, दसरा गेला, आता बाबा माझ्याशी आईमार्फत बोलणार, आणि आईशी बोलायला तर कुणीच उरलं नाही!

पण बोलली आईच.

"बघताय काय असे? तुमची पक्कड संध्याकाळी सहाला पिशवीत जाऊन निजते. ही सांडशी पहाटे पाचला चहाला उठते ती रात्रीचं दूध उतरवूनच टेकते. तेवीस वर्षं! तिला कधी हळदीचं बोट लागलं? आज लागलं तर लागलं. देवी काही चिडली नाही, लाईटसुद्धा दिली तिने!"

आत्याने चटकन हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. बाबांनी सांडशी पाटावर सरळ करून ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"लाईट गेली. पहिलं काय करायचं?"

आणि त्याच क्षणी ओट्यावरून कोकिळाबेन ओरडल्या, "आवी गई! वैशाली, माझ्याकडे पण आली हां! शाब्बास!"

"तुमच्याकडे पण गेली होती?" मी खिडकीतून जवळजवळ किंचाळले.

"सकाळपासून! मला वाटलं, तुझ्यामुळेच गेली!"

बाबा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते पाटाशेजारी खालीच बसले. "नाक्यावरची पिठाची गिरणी बंद होती, तिथेच कळलं मला," डोळे पुसत ते म्हणाले. "अगं, पहिलं शेजाऱ्याच्या घरात बघायचं! हत्यार नंतर. मिळालं ना उत्तर?"

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी सांडशी उचलली, कपाळाला लावली आणि दोन्ही हातांनी आईला दिली. आई "चला, काहीतरीच!" म्हणाली आणि पदराने डोळे टिपत आत गेली. मग तांदळाच्या डब्यातून पक्कड काढून, फुंकर मारून, त्यांनी माझ्या हातात ठेवली. "उत्तर उशिरा आलं. पण आलं." मी तशीच बोर्डाकडे धावले, तर म्हणाले, "तो मात्र राहू दे तसाच. रोज बटण दाबशील, रोज आठवेल."

बाबांना जाऊन चार वर्षं झाली. वायरमनचा परवाना आता माझ्या नावावर आहे, खाकी पिशवी माझ्या खांद्याला असते, आणि कुठेही गेले तरी मी आधी शेजारच्यांचा पंखा फिरतोय का ते बघते. खंडेनवमीला पाटावर पकडीशेजारी सांडशी असते. त्या दिवशी चहाचं पातेलं आई पदराने उतरवते. बाबांची फार आठवण येते. अंगठा त्या खळग्यात बसला की जास्तच येते.

बोर्ड दुरुस्त करायला मला पाच मिनिटं लागतील, पण ना आई हात लावू देते, ना माझा हात धजतो. त्यामुळे आमच्या दारावर मोठी पाटी आहे: 'विजेची सर्व कामे खात्रीशीर केली जातील. बेल वाजवा.' गिऱ्हाईक येतं, पाटी वाचतं आणि बटण दाबतं. आत पंखा दोन वेढे घेतो. वारा लागला की मी दार उघडते.