कोंड्याची कच्ची राख

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच. तेवढ्या भांडवलावर वाचकांचा वेळ मागावा, हे माझं मलाच अवघड वाटतं. लिहिण्याची सवय नाही; चुकलं तर सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. दिघोरीला आमच्या टोलीत नवं बोरिंग बसलं होतं, पण त्याचं पाणी कोणी पीत नसे. त्यात लोह फार. पाण्याची गुंडी भरून ठेवली की वर तांबडा तवंग यायचा, भात पिवळा व्हायचा, चहा शाईसारखा दिसायचा. म्हणून सगळे बोडीचंच, म्हणजे गावच्या लहान तळ्याचंच, पाणी आणत, म्हशी बसायच्या त्याच बोडीचं. त्या उन्हाळ्यात बोडी तळाला गेली आणि शेजारच्या आळीत हगवण सुरू झाली. माझ्या वहिनीला सातवा महिना होता. बोरिंगचं पाणी पी म्हटलं की ती तोंड वाकडं करायची. "मी काय लोखंड पिऊ, भाऊजी?"

धानाच्या कोंड्याची, म्हणजे तुसाची, राख आणि रेती यांतून पाणी गाळलं तर लोह बरंच अडकतं, असं आमच्या सरांनी वर्गात सांगितलं होतं. सुटीत घरी गेल्यावर मी भीत भीत आईला म्हटलं, "मले कोंड्याची राख पाहिजे." राईस मिलमागे कोंड्याचे ढीग पडलेलेच असत. आईने तो आणून जाळला. सकाळी पाहतो तर राख पांढरीशुभ्र! आमच्याकडे भांडी घासायला तशीच लागते. काळी राहिली तर बाईला आळशी म्हणतात. मुलाच्या शिक्षणाचं काम म्हणून आईने ती दोनदा जाळली होती.

त्या राखेतून गळालेलं पाणी हाताला बुळबुळीत लागलं. वहिनीने बोट बुडवून विचारलं, "भाऊजी, हे पिवाचं हाय का लुगडे धुवाचं?" ओसरीवरचे सगळे हसले. भाऊ हसला नाही. "तुहं शिक्षण तुह्यापाशी ठेव," तो म्हणाला. "हिच्यावर प्रयोग नोको करू."

मला हवी होती ती अर्धवट जळलेली, काळी. पण तिला आमच्याकडे राख कोण म्हणणार? दुपारी मीच कोंडा पेटवला, लाल होताच वरून ओली माती टाकून दाबला. निघालेला काळा चुरा धुऊन रेतीबरोबर मडक्यात भरला. आई कानाशी कुजबुजत होती, "कच्ची ठेवली रे बाबू. लोकं काय म्हणतीन?"

पहिलं पाणी काळसर आलं. "ओतत राहा, निवळेल," एवढंच सांगून मला एसटी धरावी लागली. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं. निवळेलच, अशी खात्री मलाही नव्हती.

कॉलेज भंडाऱ्याला होतं; तिथल्या स्टँडवर मी रोज दिघोरीवरून येणारी लाखांदूरची गाडी यायच्या वेळी उभा राहू लागलो. कंडक्टर आमच्या भागातला होता. एकदा तो म्हणाला, "तुमच्या गावात सलाईन लावून राहिले. घरचं मले ठाऊक नाही." त्या दिवशी मेसमध्ये पाण्याचा पेला उचलवेना.

मग एका सकाळी गाडी थांबायच्या आतच तो दारातून ओरडला, "अरे कॉलेजवाल्या! तुह्या मायचा निरोप हाय. वहिनी बरी हाय, बोरिंगचंच पाणी पिऊन राहिली. अन् तुहा भाऊ बैलबंडी घेऊन मिलवर गेला, कोंडा आणाले."