पाहुण्यांसाठी नऊ नियम

भाऊराव खोब्रागडेला टायपिंग सोडून काही येत नव्हतं, पण टायपिंग असं येत होतं की सहा कार्बन कॉप्यांतली शेवटचीही चष्म्याशिवाय वाचता यावी. भंडाऱ्याकडच्या पवनीहून तो अडुसष्ट साली लखनौला आला, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात चिकटला आणि विश्वास साठ्येसाहेबांच्या केबिनबाहेर बसला तो बसलाच. पहिल्या दिवशी साहेबांनी त्याचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, "अच्छा, म्हणजे बुद्धिस्ट," एवढं म्हणून फाइल पुढे ओढली. भाऊराव भोळा वगैरे मुळीच नव्हता. त्याला सगळं कळायचं, आणि कळलेलं गिळून टाकायची त्यानं सवय लावून घेतली होती.

साठ्येसाहेबांना एकच षौक होता, शिडाच्या बोटीचा. गोमतीसारख्या संथ नदीत शिडाची बोट म्हणजे निव्वळ हौस, पण हिवाळ्यापासून होळीपर्यंत दर रविवारी साहेब ती पाण्यात काढत आणि पाहुणे बोलावत. पाहुण्यांनी बोटीवर कसं वागावं याचे नऊ नियम त्यांनी भाऊरावाला एकदा डिक्टेट केले. बोटीवर चढण्याआधी विचारावं. चपला-बूट काठावर काढावेत. सांगितलं तिथे बसावं आणि 'डोकं' म्हटलं की डोकं खाली घालावं, कारण शिडाखालचं आडवं लाकूड वळताना कुणाची गय करत नाही. नदीत काहीही टाकू नये, हा चौथा. असे सगळे. दर शुक्रवारी भाऊराव आमंत्रणं टाइप करी आणि प्रत्येकाला नियमांचा कागद टाचणी लावून जोडी. अशी नऊ वर्षं गेली. ऑफिसातले यच्चयावत लोक बोटीवर जाऊन आले, त्याच्या मागून नोकरीला लागलेला गजेंद्रबाबूसुद्धा बायकोसह तीनदा जाऊन आला. भाऊरावाच्या नावाचं पाकीट काही निघेना.

माणसाला काय हवं असतं याचा नेम नसतो. भाऊरावाला प्रमोशन नको होतं, मोठं क्वार्टर नको होतं. त्याला त्या बोटीवर पाहुणा म्हणून बसायचं होतं. इंदिरा नगरच्या दोन खोल्यांत तो रविवारी दुपारी पलंगावर मुलगी नयनाला बसवायचा आणि 'डोकं' म्हणून ओरडायचा. पोरगी खिदळत खाली वाकायची. अकरा वर्षांची होईतो तिला नऊच्या नऊ नियम पाठ झाले होते. बायको, कमल, पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "तुम्हाला नाही बोलावत ते. मनातून काढून टाका."

ब्याऐंशीच्या फेब्रुवारीत एका शनिवारी साहेबांनी त्याला आत बोलावलं. "डॉक्टरांकडची मंडळी येत नाहीयेत. पछुआ वारा जोरात सुटलाय, रिकामी बोट कलंडते, वजन लागतं. उद्या तुम्हीच या खोब्रागडे. सहकुटुंब."

वजन हा शब्द भाऊरावानं नेहमीप्रमाणे गिळला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत झालं की खोब्रागडे उद्या साहेबांच्या बोटीवर जाणार.

रविवारी चार वाजता तिघं घाटावर पोचली. कमलनं लग्नातली जांभळी साडी नेसली होती, ती मनाविरुद्धच. भाऊरावानं चढण्याआधी विचारलं, चपला काठावर नीट जोडीनं लावल्या, सांगितलं तिथे बसला. गजेंद्रबाबू बायकोला घेऊन आधीच गादीवर रेलला होता, पायांत बूट तसेच. साहेबांनी सुकाणू धरलं, शीड फुगलं, बोट निघाली. भाऊरावाच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांचं सुख होतं ते, खोटं नव्हतं.

पुलाच्या अलीकडे साहेबांच्या पत्नी सुनीतीबाईंनी थर्मास उघडला. साहेबांना, गजेंद्रबाबूला, त्याच्या बायकोला आणि स्वतःला स्टीलच्या पेल्यांत चहा ओतला. मग टोपलीतून मातीचे तीन कुल्हड काढले. बरोबर तीन.

"लखनौची पद्धत, कमलबाई. मातीच्या वासानं चहा छान लागतो," त्या हसून म्हणाल्या.

टोपलीत स्टीलचे आणखी चार पेले एकात एक घालून ठेवलेले होते. ते भाऊरावाला दिसले, कमललाही दिसले. भाऊरावानं चहा एका घोटात संपवला. कमलनं कुल्हड तोंडाला लावलाच नाही, नुसता हातात धरून बसली.

"झाला? द्या नदीत टाकून," सुनीतीबाई म्हणाल्या.

"आंटी, नदी में कुछ नहीं फेंकते," नयना म्हणाली. "रूल नंबर चार. पापा ने टाइप किया है."

गजेंद्रबाबू फिसकन हसला. साहेबही हसले. "काय हो खोब्रागडे, आता आम्हालाच शिकवणार का?"

"नाही सर, लहान आहे ती."

पण नयना टोपलीकडे बघत होती. तिनं साधा प्रश्न विचारला, घरात विचारायची तसा. "और स्टील के गिलास तो रखे हैं. हमको उसमें क्यों नहीं दिया?"

साहेब शिडाकडे बघू लागले, सुनीतीबाई थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. उत्तर भाऊरावाला ठाऊक होतं. पवनीच्या विहिरीवर त्याला ते नयनापेक्षा लहान असतानाच मिळालं होतं. ते मोठ्यानं म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. मुलगी त्याच्या तोंडाकडे बघत होती, बापाला येतंच उत्तर, अशा भरवशानं.

भाऊरावानं तिच्या कानाखाली वाजवली. मग तिच्या हातातला कुल्हड हिसकून नदीत भिरकावला, आपला भिरकावला, आणि कमलच्या हातातला भरलेला काढून घेऊन तोही. गरम चहा जांभळ्या साडीवर सांडला. कमल हलली नाही. पोरगी रडलीसुद्धा नाही. गालावर हात न ठेवता ती सरळ बसून राहिली. भाऊरावानं शिकवल्याप्रमाणे, सांगितलं होतं तिथेच.

"शिस्त हवीच," साहेब म्हणाले. पुढे वळताना त्यांनी 'डोकं' म्हणून आवाज दिला तेव्हा भाऊराव सगळ्यांत आधी वाकला.

घाटाला लागल्यावर कमल आणि नयना उतरून चालू लागल्या. भाऊराव मागे थांबला, दोर गुंडाळायला मदत केली, दोनदा आभार मानले. साहेब रुमालानं हात पुसत म्हणाले, "मनुष्य समजूतदार आहात. पुढच्या रविवारी या. एकटेच या."

आणि भाऊरावाला आनंद झाला. लपवण्यात काय अर्थ आहे, मनापासून झाला. इतकी वर्षं नुसती पाकिटं चिकटवली, आता आपणही बोलावल्या जाणाऱ्यांतले झालो, हे कधी एकदा कमलला सांगतो असं त्याला झालं. चपला पायांत सरकवून तो पायऱ्या भराभर चढला.

वर रस्त्यावर दोघी सायकलरिक्षात बसल्या होत्या. नयना मांडीवर बसायच्या वयाची राहिली नव्हती, तरी आईच्या मांडीवर बसून तिनं बाजूची जागा मोकळी ठेवली होती. भाऊरावानं लांबूनच हात केला. कमलनं त्याला पाहिलं, नीट पाहिलं. मग मुलीला मांडीवरून उतरवून त्या मोकळ्या जागेत बसवलं आणि रिक्षावाल्याला म्हणाली, "चलो भैया. दो ही हैं."