तोंडातली काटकी

"हिला नीट बघून घ्या," गुरुजी म्हणाले.

मी प्लॅटफॉर्मवर उभी. त्यांच्या छडीचं टोक माझ्या कानापाशी. समोर सगळा वर्ग. उद्याचे मास्तर, उद्याच्या बाई.

पनवेलचा आमचा अध्यापन वर्ग खाडीकडच्या एका जुन्या वखारीत भरायचा. दुपारी वारा फिरला की सुक्या मासळीचा वास आत यायचा आणि सगळे माझ्याकडे बघायचे. वर्गात कातकरी मी एकटीच. आश्रमशाळेत सातवी पास झालेली. त्या दिवशी फळ्यावर विषय होता, 'रानटी मुलांस शिकविण्याची पद्धत'. पुस्तकात चित्र नव्हतं. म्हणून मला वर बोलावलं.

"ही जात नजरेला नजर देत नाही," गुरुजी म्हणाले. "पाहिलंत?"

मी खाली बघत होते. शरमेनं. वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं.

"आता तुझ्या भाषेत काहीतरी बोल."

काय बोलणार? तोंडात आलं ते बोलले. 'आई, मला घरी ने,' असं बोलले. कुणाला कळलं नाही. म्हणून सगळे हसले.

सगळ्यांत जास्त कुसुम हसली. ती उरणकडची, मिठागरावरच्या घरातली. माझ्याच बाकावर बसायची. चार दिवसांपूर्वी ती 'आमी नाय' म्हणाली, तर गुरुजींनी तिला उभी करून 'आम्ही नाही' घोकायला लावलं होतं. तेव्हापासून ती कुणावर तरी हसायची वाट बघत होती. तिला मी मिळाले.

गुरुजींनी हसू पुरतं निवू दिलं. त्यांचा आवाज गोड होता. कधी ओरडायचे नाहीत. "ही भाषा आधी मोडायची," ते म्हणाले. "ती मोडली की मूल आपल्या हातात येतं."

मी जागेवर जाऊन बसले. वही उघडली. ते शेवटचं वाक्य मीसुद्धा लिहून घेतलं. परीक्षेत येणार होतं.

परीक्षेचा पाठ वाडीवर ठरला. माझ्याच वाडीवर. कर्नाळ्याचा सुळका जिथून डोक्यावर आल्यासारखा दिसतो, त्या उतारावर आमची झोपडी. गुरुजी म्हणाले, "तू ट्रकमध्ये पुढे बस. तुला बघून पोरं थांबतील."

ट्रकचा आवाज आला आणि वाडी रिकामी झाली. माणसं रानात घुसली. आमच्याकडे गाडी म्हणजे फौजदार. पनवेलात कुठे भांडं जरी चोरीला गेलं, तरी आमच्यातले पुरुष उचलायचे. आम्हाला गुन्हेगार म्हणणारा कायदा तोवर गेला होता. फौजदार तोच होता. माझ्या बाला एका कानाने ऐकू येत नाही, ते चौकीतल्या माराने.

मी खाली उतरले. हाका मारल्या. आधी पोरं आली. मग झाडांआडून बाया डोकावल्या. बा सगळ्यांत शेवटी आला.

"ही कोण मानसं हायत?"

"मास्तर हायत, बा. शिकवायला आलीत."

त्याने ट्रककडे बघितलं. मग माझ्याकडे.

कोळशाच्या ठेकेदाराची, आमच्या शेठची, मोकळी शेड होती. तिथे पोरं बसवली. जमिनीवर कोळशाची काळी भुकटी, भिंतीला एकच दार. गुरुजींनी ते आतून लावून घेतलं. "पोरं पळायला नकोत," म्हणाले. मला ते आवडलं नाही. पण दार कुणी उघडलं नाही. मीही नाही.

मग त्यांनी नियम सांगितला. जो आपल्या भाषेत बोलेल, त्याने पाठ संपेपर्यंत दातांत काटकी धरायची. आडवी. घोड्याच्या लगामासारखी. पोरांना एक अक्षर कळलं नाही. ती हसत होती.

पाठ होता 'आपले घर'. चित्रात कौलारू घर, पुढे तुळस, अंगणात गाय. गुरुजींनी घरावर छडी ठेवून सुकरीला उठवलं. सहा-सात वर्षांची पोर, आमच्या शेजारच्या झोपडीतली.

"हे काय आहे?"

सुकरीने चित्र निरखून पाहिलं. आमच्या भाषेत सांगितलं, हे शेठचं घर.

बरोबरच होतं. तसं घर तिने शेठचंच पाहिलं होतं.

मी गुरुजींना अर्थ सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. कोपऱ्यातल्या सरपणातून एक काटकी उचलली, सालीसकट, आणि माझ्यापुढे धरली.

"तू घाल. तुझ्या हाताने घातलीस तर ती चावणार नाही."

आज इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य मला ऐकू येतं. त्यांनी मला कशासाठी शिकवलं होतं, ते तेव्हा कळलं. फी माफ, राहायची सोय, पाठीवरून हात. सगळं एवढ्यासाठी. आमच्या पोरांच्या तोंडात काटकी घालायला त्यांना आमचाच हात हवा होता.

सुकरी माझ्याकडे बघून हसली. तिने तोंड उघडलं. मी काही खाऊ देणार, असं तिला वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"नाही घालणार."

मी दारापाशी गेले, कडी काढली. आणि आमच्या भाषेत, मोठ्याने, पोरांना सांगितलं, घरी जा. डोळ्याचं पातं लवायच्या आत शेड मोकळी झाली.

गुरुजी वर्गाकडे वळले. आवाज तसाच गोड. "पाहिलंत? पळाली. मी म्हणालोच होतो."

वह्या उघडल्या. पेन्सिली चालू लागल्या.

"पळाली नाहीत," मी म्हणाले. "मी पाठवली. तसं लिहा."

कुणी लिहिलं नाही. कुसुमची पेन्सिल मात्र थांबली. एवढंच. ती वर बघू शकली नाही.

गुरुजी माझ्या जवळ आले. हळूच विचारलं, "तुझ्या बापाचं नाव काय गं?"

आमच्यात कुणी बापाचं नाव विचारलं की मागून फौजदार येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. खोटं सांगता आलं असतं. पण बा दारातच उभा होता. त्याने स्वतःच सांगितलं. मोठ्याने.

ट्रक मला टाकून गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शिपाई आले. मास्तरांच्या अंगावर वाडी धावून गेली, म्हणाले. बाला घेऊन गेले. परत आला तेव्हा त्याच्या पायांचे तळवे सुजून फाटले होते. आई मला रडून म्हणाली, "आता तिकडं जाव नको. आमाला नको ती शाळा." मी बाच्या पायाला पाला वाटून लावत होते. बा म्हणाला, "तू नाय गेलीस तर कोन जाईल? तेच येतील."

मला नापास केलं होतं. शेऱ्यात लिहिलं, शिक्षिकेच्या कामास अयोग्य.

पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज केला. त्याच वर्गासाठी. गुरुजींनी मला दारातच अडवलं. "इथे तुझं काय काम?"

"शिक्षिका व्हायचंय."

"पुन्हा नापास होशील."

"पुन्हा येईन."

त्यांना वाटलं, मी हात जोडीन. मी जोडले नाहीत. मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. आसपासच्या प्रत्येक वाडीवर मास्तर जातो तो या वखारीतून जातो. तो काय शिकून निघतो, ते मी पाहिलं होतं. म्हणून मला इथेच बसायचं होतं. पहिल्या बाकावर. आमच्या पोरांबद्दल जे जे सांगितलं जाईल, त्या प्रत्येक वाक्याला उभं राहून विचारायचं होतं, हे कुणी पाहिलं? कुठे? कधी?

गुरुजी दारातून हलले नाहीत. मीही हलले नाही.